बाराचा हिशेब

खानापूरहून जांबोटीच्या वाटेला लागले की थोड्या अंतरावर आत असलेल्या एका गावात माझ्या आत्याचे सासर आहे. त्या वाड्याच्या माजघरात, देवघराला लागून असलेल्या भिंतीवर, दोन शिसवी खुंट्यांवर एक रायफल आडवी ठेवलेली असे. घरात तिला रायफल कोणीच म्हणत नसे. ‘साडेचारशेला तेल लावलंत का’, ‘साडेचारशे जरा खाली घ्या, भिंतीला चुना काढायचा आहे’, असाच तिचा उल्लेख होई. मे महिन्याच्या सुट्टीत तिथे जाणाऱ्या मला बरीच वर्षे वाटत होते की ती साडेचारशे रुपयांना घेतलेली असावी, आणि शाळामास्तराच्या पगारात वाढलेल्या मुलाला ती रक्कम इतकी अवाढव्य वाटे की त्या भिंतीजवळून जाताना मी हात पाठीमागे बांधून चालत असे. तो आकडा नळीच्या व्यासाचा, म्हणजे ०.४५० इंचाचा आहे, हे पुढे कळले. नळीचा व्यास कळला म्हणजे काडतूस कळले असे होत नाही, हे कळायला मात्र निवृत्त व्हावे लागले.

आत्या गेली, तिचे यजमान त्याआधीच गेले, आणि बरेच हेलपाटे घातल्यानंतर वारसाहक्काने परवाना आतेभावाच्या, म्हणजे आमच्या दादाच्या, नावावर झाला. मग त्याच्यापुढे साधाच दिसणारा प्रश्न उभा राहिला : हिला काडतूस कोणते घालायचे? त्याने ती बेळगावात कॅम्पातल्या एका परवानाधारक मिस्त्रींकडे रीतसर दुरुस्तीला दिली आणि मला फोन केला. ‘‘तू मापाचा माणूस. जरा येऊन बघ की रे.’’ बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक सिलिंडर तपासण्यात माझी चौतीस वर्षे गेली. आतला व्यास, गोलाई, पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा आणि दाबाची चाचणी एवढेच माझे शास्त्र. बंदुकीतले मला काही कळते असा दावा तेव्हाही नव्हता आणि आताही नाही. पण नळी म्हणजे अखेर एका टोकाला बंद केलेले सिलिंडरच, आणि त्या दृष्टीने पाहिल्यावर बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडत गेल्या.

मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागलो. चाचांनी रायफल टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे न पाहता विचारले, ‘‘हिला पॉलिश पेपर कोणी मारला?’’ मी मारला होता. १९८३ मध्ये, कारखान्यात नुकताच लागलो असताना, सुट्टीत वाड्यावर जाऊन मोठ्या हौसेने मी त्या नळीवरचा तपकिरी थर ‘गंज’ समजून एमरीने घासून काढला होता आणि संध्याकाळपर्यंत तिला स्टीलच्या तांब्यासारखी चकचकीत करून सगळ्यांची शाबासकी मिळवली होती. तो थर गंजच होता, पण कारागिराने मुद्दाम चढवलेला आणि पुढच्या गंजापासून नळीचे रक्षण करणारा. माझ्या उत्साहात नळीच्या तळाशी ठोकलेले परीक्षागृहाचे, म्हणजे बंदुकीची नळी तपासून पास करणाऱ्या संस्थेचे, शिक्केही अर्धेमुर्धे पुसले गेले होते. चाचा भिंगाने बराच वेळ पाहत राहिले. त्यातून बर्मिंगहॅमचा मुकुट तेवढा वाचता आला. काळ्या दारूनंतर आलेल्या, अधिक दाबाच्या धूरविरहित दारूची चाचणी झालेल्या नळ्यांवर पुढे जो वेगळा शिक्का ठोकू लागले, तो कुठेही सापडला नाही. तो मुळात नव्हता की मी घासून काढला, हा प्रश्न मला त्या रात्री झोपू देईना. दुसऱ्या दिवशी चाचांनीच सांगितले की हिच्या बांधणीवरून ती त्या काळाच्या आधीची दिसते, आणि शिक्का दिसत नसेल तर तो नाहीच असे धरून चालावे. मला हा नियम फार आवडला. आमच्याकडेही चाचणीचे प्रमाणपत्र हरवलेले सिलिंडर न तपासलेलेच धरीत असत.

ही रायफल मार्टिनी जातीची. हेन्री पीबॉडी नावाच्या अमेरिकनाने १८६२ मध्ये मागे खिळलेला आणि पुढचे टोक खाली झुकणारा ठोकळा काढला, स्वित्झर्लंडच्या फ्रीड्रिख फॉन मार्टिनीने त्याच्या बाहेरचा घोडा काढून टाकून त्याऐवजी ठोकळ्याच्या पोटातच स्प्रिंगची कांडी बसवली, आणि एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्रीने सात आट्यांची, म्हणजे आत सात पिळदार खाचा असलेली, नळी दिली. या तिघांच्या कामातून १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने मार्टिनी-हेन्री स्वीकारली. मुठीमागची लिव्हर खाली ओढली की ठोकळा झुकतो, रिकामे टरफल मागे फेकले जाते, नवे काडतूस वरच्या पन्हळीवरून आत सरकवायचे आणि लिव्हर वर घ्यायची. एका वेळी एकच बार. आमची रायफल सैन्यातली नव्हे, खासगी गिऱ्हाईकासाठी केलेली आहे; तिचा दस्ता अधिक नाजूक, लिव्हरला वळण अधिक सुबक; पण पोटातली यंत्रणा तीच.

आता चेंबर, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसते ती पोकळी. चाचांनी नळीत पुढून कापडाची गुडदी घट्ट बसवली आणि उकळत्या पाण्याच्याही आत वितळणारी बिस्मथची एक मिश्रधातू चेंबरमध्ये ओतली. ती थंड झाल्यावर आधी किंचित आकसते, मग पुन्हा फुगते, आणि साधारण तासाभराने चेंबरच्या खऱ्या मापाची होते. म्हणून त्या तासात चहा घ्यायचा आणि मायक्रोमीटरला हात लावायचा नाही. चाचांनी बेळगावी कुंदा मागवला. तासाभराने हातात आली ती धातूची एक ठेंगणी बाटली : बुंध्याशी जवळपास १७ मिलिमीटर, मग खांदा, आणि तोंडाशी साडेबाराच्या आसपास. म्हणजे ‘साडेचारशे’ हे निम्मेच नाव होते. पूर्ण नाव पाचशे सत्त्याहत्तर-साडेचारशे. आधीच्या स्नायडर रायफलीचे रुंद काडतूस घेऊन त्याचा गळा साडेचारशेच्या गोळीवर आवळलेला.

या काडतुसाच्या सैनिकी रूपात ८५ ग्रेन काळी दारू आणि ४८० ग्रेनची कागदात गुंडाळलेली शिशाची गोळी असे, बारा भाग शिशाला एक भाग कथील. ग्रेनमध्ये मला काही कळेना, म्हणून मी तोळ्यात केले. एक तोळा म्हणजे १८० ग्रेन. म्हणजे दारू अर्ध्या तोळ्याला किंचित कमी आणि गोळी दोन तोळे आठ मासे. शहापूरच्या सराफाकडे एवढ्या वजनाच्या पाटल्या घ्यायला माणूस वर्षभर विचार करतो. आत काळ्या दारूचा धूर आणि शिशाचा लेप राहतो तो वेगळाच; त्यातले क्षार हवेतले पाणी ओढून घेतात, त्यामुळे बार काढल्यावर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुतली नाही तर आमच्या खानापुरी पावसाळ्यात ती आठवड्यात आतून खडबडीत होते. आमची तशी झाली होती. चेंबरच्या पुढे दोन बोटांच्या टप्प्यात, प्रकाश टाकून पाहिले तर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे दिसत होते.

असे काडतूस आज दादाला मिळणार कुठून? खरे तर ते त्याच्या आजोबांनाही मिळत नव्हते. वाड्यात या रायफलीचा बार ऐकल्याचे कोणालाच आठवत नाही, याचे मला नेहमी नवल वाटे; त्याचे कारण मला पुढे इतिहासात सापडले. सैन्यातून निघालेल्या मार्टिनी-हेन्री रायफली मोठ्या संख्येने सरकारविरोधी हातांत गेल्या होत्या, आणि त्यांना गोळी मिळू नये म्हणून १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात साडेचारशे बोअरच्या दारूगोळ्याला बंदी केली. वाघ-गव्याच्या शिकारीला येणाऱ्या साहेबांची पंचाईत झाली, म्हणून विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी चारशे पासष्ट, चारशे सत्तर, चारशे पंचाहत्तर अशी नवी मापे काढली, म्हणजे कायद्यालाही दुखवायचे नाही आणि गिऱ्हाईकालाही नाही. आमच्या साडेचारशेला मात्र कोणी विचारले नाही. ती खुंटीवर गेली.

काडतुसाची निवड हा तांत्रिक प्रश्न आहे अशी माझी समजूत होती. आपल्या देशात ती निवड पुष्कळदा संशयाने केलेली दिसते. पोलिसांच्या हातातली जुनी चारशे दहाची मस्केट पाहा. ईशापूरच्या कारखान्यात चांगली थ्री नॉट थ्री रायफल घेऊन तिची नळी आतून गुळगुळीत केली, मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवून ती एकबारी केली, आणि काडतूसही थ्री नॉट थ्रीचेच टरफल गळा न आवळता सरळ ठेवून असे बनवले की बाजारातले चारशे दहाचे काडतूस तिच्यात जाऊ नये. बंदूक द्यायची, पण फार नाही द्यायची. आजही शेतकऱ्याला किंवा शस्त्राचा परवाना असलेल्याला जी तीनशे पंधराची रायफल मिळते, तिचे काडतूस जुन्या ऑस्ट्रियन मापावरून आलेले आहे, कारण सैन्याचे काडतूस साध्या नागरिकाच्या हाती जाऊ द्यायचे नव्हते. हे योग्य की अयोग्य हा वाद मी घालत नाही. बंदुकीच्या पोटात काय जावे हे ठरवताना बंदुकीला विचारण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नव्हती, एवढेच मला म्हणायचे आहे.

दादाला सल्ला देणारे अर्थातच पुष्कळ होते. एकाने सांगितले, नळी बदलून तीनशे पंधरा करून घ्या, काडतूस सहज मिळेल. दुसऱ्याचे म्हणणे, आतून सगळे आटे काढून बारा बोअर करा, डुकरांना बरी. (रानडुक्करसुद्धा परवानगीशिवाय मारता येत नाही, हे १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे विसरतात.) तिसऱ्याकडे जरा वजनदार मुद्दा होता : खुद्द ब्रिटिश सरकारने हजारो मार्टिनींना नव्या नळ्या घालून त्या थ्री नॉट थ्रीच्या केल्या होत्या, मग आपण का करू नये? शिवाय अमेरिकेत जुन्या एकबारी रायफली नव्या काडतुसांसाठी पुन्हा बांधणारे हौशी कारागीर आहेतच. परवान्यावर लिहिलेले बोअर बदलायला सरकारची परवानगी लागते आणि असे काम ज्याच्याकडे तसा परवाना आहे त्यानेच करायचे असते, हे सांगून चाचा गप्प बसले. दादाने माझ्याकडे पाहिले. मी कागद काढला.

आमच्या धंद्यात दाब ‘बार’मध्ये मोजतात. उद्यमबागेत बनणाऱ्या बऱ्याचशा सिलिंडरांना २१० बार म्हणजे पुरेसे काम. साध्या पॉइंट टू-टूच्या, जत्रेत फुगे फोडणाऱ्या पोरालाही ठाऊक असलेल्या त्या चिमुकल्या काडतुसात दाबाची कमाल मर्यादा सुमारे १६५० बार असते, हे वाचले तेव्हा मी आकडा दोनदा तपासला. एका बारात एवढे बार! उलट, अमेरिकेतले पंचेचाळीस-सत्तर हे काळ्या दारूच्या काळातले मोठे काडतूस सुमारे १९३० बारांचे. म्हणजे दोन्हींच्या दाबात फारसे अंतर नाही. पण सिलिंडरवाल्याने नुसत्या दाबाकडे पाहून चालत नाही, त्याला क्षेत्रफळाने गुणावे लागते. टू-टूच्या बुडाचा व्यास पावणेसहा मिलिमीटर. गुणाकार केला तर मागच्या ठोकळ्यावर साडेचारशे किलोच्या आतला धक्का. पंचेचाळीस-सत्तरचे बूड पावणेतेरा मिलिमीटरचे. तिथे तोच धक्का अडीच टन. टरफल चेंबरच्या भिंतीला चिकटून यातला काही भाग स्वतः पेलते, पण हिशेब सुरक्षित बाजूने करायचा तर ते धरायचे नाही. आणि आमच्या साडेचारशेचे बूड १७ मिलिमीटरचे, म्हणजे क्षेत्रफळ पंचेचाळीस-सत्तरच्या पावणेदोनपट. म्हणून तर तिला मंद जळणारी, ढकलत नेणारी काळी दारू दिली होती. दाब थोडासा वाढवला तरी त्या रुंद बुडावर तो किती टनांनी वाढेल, हे दादाने स्वतःच बोटांवर मोजले आणि मान हलवली.

‘‘पण तीनशे पंधराचं बूड लहान आहे की,’’ तो म्हणाला. बरोबर होते. बूड साडेबारा मिलिमीटरच्या आसपास. पण तिथे धूरविरहित दारूचा दाब काळ्या दारूपेक्षा कितीतरी अधिक, म्हणजे लहान क्षेत्रफळाने मिळवलेले सगळे दाबाने परत घेतले जाते. शिवाय आमच्या ठोकळ्यातले कांडीचे भोक जुन्या, जाड कांडीचे आहे. जास्त दाबाच्या काडतुसाची टोपी, म्हणजे बुडातली ठिणगी देणारी वाटी, तिथून मागे फुटून गरम वायू नेमबाजाच्या डोळ्याकडे येऊ शकतो. सरकारने थ्री नॉट थ्री केल्या त्या कारखान्यात, नव्या नळ्यांसह आणि प्रत्येक रायफल तपासून. आमची मात्र निदान सव्वाशे वर्षे वापरलेली, त्यातली बरीच खुंटीवर, आणि काही माझ्या एमरीखाली. चाचांनी लिव्हर बंद केली, ठोकळा अंगठ्याने दाबला आणि आम्हाला ऐकवले. बारीक ‘टिक’ असा आवाज आला. मागच्या खिळीत जरासा खेळ होता. ‘‘काळी दारू असती तर हे चाललं असतं,’’ ते म्हणाले, ‘‘दुसऱ्या दारूला हे आवडायचं नाही.’’

मला विचाराल तर एकबारी रायफलीची सगळी कला या एका टिकमध्ये आहे. मॅगझिनवाल्या रायफलीला काडतूस भरवायचे असते, त्यामुळे तिचे काडतूस तिच्या यंत्रणेच्या सोयीने ठरते. एकबारीला ती अडचण नाही; जाडे, लांब, ठेंगणे, गळा आवळलेले, जे असेल ते हाताने सरकवता येते. या मोकळीकीमुळेच माणसाला वाटते की हिच्यात काहीही चालेल. जे मावते ते पेलवते असे नाही. आमच्या कारखान्यात एकदा एका गिऱ्हाइकाने जुन्या सिलिंडरला मोठा पंप जोडला होता. आटे जुळले म्हणून त्याला वाटले, सगळेच जुळले. सुदैवाने तेल उडाले आणि भिंत रंगली, एवढ्यावर भागले.

तेव्हा ठरले ते असे : नळी, चेंबर आणि बोअर, काहीच बदलायचे नाही. यंत्रणा नीट करायची, लाकूड नीट करायचे, माझा अपराध शक्य तेवढा निस्तरायचा, आणि बार काढायचा नाही. यात एक गंमत आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येत नसेल तरच. म्हणजे चाचा जितके चांगले काम करतील, तितकी ती कायद्याच्या नजरेत अधिक बंदूक होईल. दादाला नळीत खिळा ठोकून सुटका करून घेण्याचा मार्ग कोणीतरी सुचवलाही होता. तो ऐकून चाचांनी कानाला हात लावला.

दस्ता काढायला नळीच्या दिशेने लांब जाणारा एक बोल्ट मागून सोडवावा लागतो. मार्टिनीचा दस्ता त्या एका बोल्टवर उभा असतो. मागची लोखंडी पट्टी काढल्यावर दिसले की बोल्टच्या भोकात कुंभारमाशीने मातीचे घर केले होते, एकावर एक चार खोल्या, आणि माती वाळून इतकी कडक झाली होती की ती चिमट्याने कणाकणाने काढताना दुपार गेली. मुठीशी अक्रोडाच्या लाकडाला चीर होती. चाचांनी ती वरून पट्टी ठोकून झाकली नाही, आतून पाचर देऊन चिकटवली, आणि महिनाभर रोज तळहाताने अळशीचे तेल चोळले. स्क्रूंच्या खाचा जुन्या पेचकसाने खराब होऊ नयेत म्हणून त्यांनी प्रत्येक स्क्रूसाठी पेचकसाचे टोक वेगळे घासून घेतले. माझ्या आयुष्यात मी एवढी काळजी फक्त मापाच्या गेजची घेतलेली पाहिली आहे.

नळीचा तपकिरी रंग परत आणायचा म्हणजे गंज पुन्हा चढवायचा. तेलाचा अंशही न ठेवता नळी पुसायची, औषधाचा पातळ हात द्यायचा, दमट जागी टांगायची, लोकरीसारखा गंज आला की तारेच्या ब्रशने तो हलक्या हाताने उतरवायचा, आणि पुन्हा. विलायतेत त्यासाठी वाफेची पेटी लागत असे. आम्ही जुलै निवडला. नवव्या हाताला नळी कॉफीच्या रंगाची झाली. ज्या शिक्क्यांवर मी एमरी फिरवली होती ते काही परत आले नाहीत. त्या जागी रंग इतरांपेक्षा सपाट दिसतो, आणि मला तो लांबूनही दिसतो.

शेवटचे काम माझे. उद्यमबागेतल्या जुन्या सहकाऱ्याच्या लेथवर मी चेंबरच्या साच्यावरून भरीव पितळेचे एक काडतूस कातून घेतले. आत पोकळी नाही, दारू नाही, टोपी नाही, फक्त आकार. बुंधा, खांदा, गळा, आणि पुढे गोळीचा गोल. माप दोन शतांश मिलिमीटरमध्ये बसवले, सवयच ती. चाचांनी ते पन्हळीवर ठेवून अंगठ्याने ढकलले, ते आत गेले, लिव्हर वर आली आणि बंद झाली. त्या वेळी टिक ऐकू आला नाही. चाचांनी मागच्या खिळीचे काम मला न सांगताच केले होते.

निवडणुकीची आचारसंहिता लागली तेव्हा दादा ती नेहमीप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा करायला गेला आणि मीही सोबत गेलो. हवालदाराने कन्नडमधल्या रजिस्टरात परवान्याचा क्रमांक उतरवला आणि काडतुसे किती म्हणून विचारले. दादाने खिशातून पितळेचे काढून टेबलावर ठेवले. हवालदाराने ते उचलले, वजनाने दचकला, बूड पाहिले, टोक पाहिले, पुन्हा बूड पाहिले, आणि हसून परत दिले. त्या रकान्यात त्याने शून्य लिहिले. मग पुढचा रकाना. ‘‘बोअर?’’

दादाने पूर्ण नाव मला विचारून पाठ केले होते, येताना गाडीत दोनदा म्हणूनही दाखवले होते. त्याने माझ्याकडे पाहिले, तोंड उघडले, आणि म्हणाला, ‘‘साडेचारशे.’’